मदत हवी आहे: खाज जात नाही, पण अंगावरून पांढरंही जात नाही

पन्नाशी उलटली आहे, पाळी गेली आहे. काही महिन्यांपासून योनीच्या बाहेरच्या भागाला खाज सुटते. दिवसा कामात जाणवत नाही, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. अंगावरून काही जात नाही, वास नाही, लघवीला जळजळ नाही. बुरशीवरचं क्लोट्रिमाझोल क्रीम लावलं की थोडं बरं वाटतं, सोडलं की पुन्हा तेच. साखर तपासली, ठीक आहे. आरसा धरून पाहिलं तर एका बाजूची कातडी पांढुरकी आणि पातळ दिसते.

हे बुरशीचंच असेल का? त्या जागेसाठीचं वॉश वापरू का? स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊ की त्वचारोगतज्ज्ञांकडे? घरात विषय काढणं अवघड जातं, म्हणून इथे विचारतेय. ‘भरपूर पाणी पी’ सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद:
ताई, बुरशीचं वाटत नाही. त्यात बहुधा दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं, आणि साखर नसताना, हार्मोनच्या गोळ्या चालू नसताना पाळी गेल्यावर ती तशी कमीच होते. ट्रायकोमोनास (शरीरसंबंधातून लागणारा संसर्ग) असता तर बहुधा पिवळट-हिरवं, वासाचं पाणी गेलं असतं.

मला तुमच्या पांढऱ्या कातडीचं जास्त वाटतं. लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असतो, पाळी गेलेल्या बायकांत बराच दिसतो आणि त्याची खाज रात्री हैराण करते. तो संसर्ग नाही, कुणाकडून लागत नाही, अस्वच्छतेशीही संबंध नाही. त्यावर क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड मलम देतात, पण ते मनाने आणू नका: खरंच नायटा निघाला तर स्टेरॉइडने पसरतो. हा आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात मात्र छान राहतो. थोड्या जणींत पुढे तिथे कर्करोग होऊ शकतो, म्हणून मलम आणि अधूनमधून तपासणी दोन्ही चालू ठेवायचं.

अर्थात नुसता इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाल्याचा कोरडेपणाही असू शकतो, किंवा खाजवून खाजवून जाड झालेली कातडी. फरक बघूनच कळतो. दोघांपैकी कुणाकडेही जा, फक्त ‘क्रीम लिहून द्या’ न म्हणता ‘तपासून बघा’ म्हणा.

दुसरा प्रतिसाद:
वॉश नकोच. साबण, सुगंधी पॅड, वाइप्स, पँटी लायनर, डेटॉल सगळं बंद. बाहेरून साधं पाणी, आत काहीच नाही. आत धुण्याची गरजच नसते. सुती, सैल आतले कपडे. रात्री न घालता झोपलात तरी चालेल. खाज उठली की गार पाण्याची घडी ठेवा, कोरडं करून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. नखं कापून टाका, झोपेत हात जातोच. घरात कुणाला जंत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, सुतासारख्या बारीक कृमींची खाजही रात्रीच असते, पण ती गुदद्वाराशी.

धागाकर्ती:
अपॉइंटमेंट घेतली. तुकडा काढून तपासतात म्हणे, फार दुखतं का?

प्रतिसाद:
दर वेळी काढत नाहीत, नुसतं बघूनही निदान होतं. काढलाच तर जागा बधिर करतात; इंजेक्शनची सुई तेवढी चांगली टोचते. पण तिथे गाठ, न भरणारी जखम किंवा रक्त दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, आधीच जा.