लिलावात जमीन गेली, तिच्याबरोबर मतही गेलं

भीमाकाठ

ऑगस्ट १९०१. मुंबई कायदे कौन्सिलातून फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी निषेध म्हणून उठून गेले. हा प्रसंग आपण सरकारविरुद्धचा बाणा म्हणून वाचत आलो. मला तो बरीच वर्षं सलतो आहे.

विधेयक काय होतं? १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी दख्खनचा शेतकरी मोडला होता, शेतसारा थकला होता. थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, अशी अट घालायची मुभा सरकारला हवी होती. (सात-बारावर आपण ‘नवी शर्त’ वाचतो, तिचं मूळ या दुरुस्तीत आहे.) पुढारी म्हणाले, विक्रीचा हक्क काढला की शेतकऱ्याची पत संपली, तो सरकारचं कूळ झाला.

मला विचारायचं आहे ते एवढंच, की हे बोलणाऱ्यांना निवडून कुणी दिलं होतं? त्या काळी मुंबई इलाख्याच्या मध्य विभागातून कौन्सिलात माणूस जायचा तो लोकल बोर्डांच्या सभासदांच्या मतांवर. टिळक १८९५ मध्ये तसेच गेले, पुढे गोखलेही. प्रचार म्हणजे बोर्डाच्या सभासदांच्या गाठीभेटी. हे सभासद इनामदार, वकील, सावकार, मोठे खातेदार. ज्याच्या जमिनीचा लिलाव होत होता तो त्या वाटेवर कुठेच नव्हता.

१९१९ च्या घटनात्मक सुधारणांनंतरही फार फरक पडला नाही. ग्रामीण भागात मत हवं तर ३२ रुपये आकाराची (म्हणजे वर्षाला तेवढा सारा बसणारी) जमीन स्वतःच्या नावावर हवी. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात १६. आमच्याकडे कोरडवाहूचा आकार बहुतेक ठिकाणी एकरी रुपयाच्या आत. म्हणजे तीस-चाळीस एकरवाला मतदार. लिलावात ज्याची जमीन गेली त्याचं मतही गेलं, आणि ज्यानं बोली लावून ती घेतली त्याचा आकार वाढला, मत आलं. मग हक्कांची भाषा कौन्सिलात कोण करणार आणि कुणासाठी?

माझं मत स्पष्ट आहे. १९०१ मध्ये विक्रीबंदीच बरोबर होती, आणि आपल्या थोर माणसांनी चुकीच्या बाजूनं सभात्याग केला.

दप्तरखाना

पूर्ण असहमत. विक्रीवर बंधन घातलं की विक्री थांबते हे तुम्ही गृहीत धरलंत. याच चार जिल्ह्यांत, पुणे, सातारा, सोलापूर, नगर, तो प्रयोग आधी झालेला होता.

सुप्याचा दंगा १२ मे १८७५ चा. बाजारचा दिवस होता. लोकांनी सावकारांच्या घरांत घुसून कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे बाहेर काढून जाळले. माणसं मारली नाहीत, कागद जाळले, कारण जमीन कुठल्या वाटेनं जाते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं: रोखा, दावा, एकतर्फी हुकूमनामा, दरखास्त, जप्ती, दवंडी, लिलाव. चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जासाठी शेतकऱ्याला अटक बंद. त्या कर्जापोटी खास गहाण लिहून दिलेली नसेल तर जमिनीवर जप्ती नाही. रोख्यावर आकडा काहीही असो, कोर्टानं मागचा सगळा हिशेब उकरून मुद्दल किती, व्याज किती ते ठरवायचं. खुद्द न्या. रानडे या कायद्याखाली खास न्यायाधीश होते. कायदा कागदावर उत्तम होता.

मग झालं काय? सावकारानं गहाणखत घेणंच कमी केलं. गहाण उकरून काढता येतं ना, मग सरळ खरेदीखत करून घ्यायचं. कर्ज तेच, माणसं तीच, कागदावर मात्र कायमची विक्री. शेवटी १९०७ मध्ये सरकारला कायद्यात कलम १०-अ घालावं लागलं, की खरेदीखत हे मुळात गहाणच होतं असा तोंडी पुरावा कोर्टानं घ्यावा. एका दारावर कुलूप लावलंत, व्यवहार मागच्या दारानं गेला. गोखले-मेहता हेच तर सांगत होते!

शेवंता

दप्तरखाना, ‘मुदतखरेदी’ म्हणतात ती हीच का? आमच्या गावात हा शब्द अजून शिवीसारखा वापरतात.

दप्तरखाना

तिचीच भावंडं. मुदतखरेदीत अमुक वर्षांत पैसे फेडले तर जमीन परत, अशी अट कागदावर असायची. १८७९ नंतर वाढली ती साधी, विनाअट खरेदीखतं. परतीचा शब्द फक्त तोंडी, पारावर दिलेला. सावकार मेला की तोंडी शब्दही गेला.

भीमाकाठ

हे वाचून मी घरातला कागद पुन्हा काढला. पणजोबांचा अंगठा असलेलं खरेदीखत, आणि त्याच तारखेची, त्याच अंगठ्याची कबुलायत. म्हणजे सकाळी जमीन विकली आणि त्याच दिवशी तीच जमीन खंडानं कसायला घेतली. नांगर हलला नाही, बांध हलला नाही. फक्त त्या दिवसापासून ते खातेदार राहिले नाहीत. पुढची कितीतरी वर्षं ‘सालाबादप्रमाणे कसतो’ एवढीच ओळख.

दप्तरखाना, तुमची माहिती मान्य, निष्कर्ष नाही. १८७९ च्या कायद्यानं जप्तीला आळा घातला, विक्रीला नाही. दार अर्धंच लावलं होतं म्हणून चोर आत आला. १९०१ ची अट दार पुरतं लावत होती. खरेदीखतच बेकायदा असतं तर पणजोबांचा अंगठा घेऊन सावकार करणार काय होता?

पेठेतला

मी दुसऱ्या बाजूच्या घरातला. आमच्याकडे सावकारी होती, जमिनी आल्या त्या लिलावातून आणि खरेदीखतांतून. लपवायचं काही नाही आणि समर्थनही करायला आलेलो नाही. पण एक गोष्ट इथे कुणीच बोलत नाही: शेतकरी आमच्या ओट्यावर यायचा तो बहुतेक वेळा सरकारच्या हप्त्यासाठी. सारा रोख भरायचा, ठरल्या तारखेला. माल विकला गेला असो वा नसो. इंदापूर तालुक्यात १८६७ च्या फेरपाहणीत सारा निम्म्याहून जास्त वाढला, आणि तेव्हा अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळलेले. एकीकडून मामलेदार, एकीकडून आम्ही. सरकारनं सारा कमी करायचा सोडून विक्रीबंदी आणली. थकबाकीत जमीन जमा करणारा कोण? तेच सरकार. परत देताना अटी घालणारा कोण? तेच. अशा सरकारवर मेहतांनी विश्वास ठेवायला हवा होता, असं म्हणायचं आहे का?

भीमाकाठ

हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. साऱ्याबद्दल पूर्ण सहमत.

माणगंगा

धागाकर्त्यानं निवडणुकांचा जो निकाल लावून टाकला तो मला मान्य नाही. ३२ रुपयांची अट अन्यायाची होती, पण मतदार फक्त सावकार होता असं नाही. मधला मराठा, माळी, धनगर खातेदारही त्यात होता. पहिल्यांदाच कुणाला तरी त्याच्या दारात मत मागायला यावं लागलं, त्याच्या भाषेत बोलावं लागलं. सातारा भागात सत्यशोधक जलसे रात्र-रात्र चालायचे. भटजी-सावकाराच्या रोख्याची गोष्ट फडावर उभी राहायची आणि लोक ती स्वतःची म्हणून ऐकायचे. कौन्सिलात मराठा व तत्सम जातींना सात राखीव जागा होत्या. भास्करराव जाधव याच दशकात मंत्री झाले. लोकल बोर्डाच्या सभासदांना भेटून निवडून येण्याच्या काळापासून हे फार लांबचं अंतर आहे.

आणि परिणाम बघा. १९२७ मध्ये सरकारनं लहान तुकड्यांच्या जमिनींचं विधेयक आणलं. ठरावीक क्षेत्राखालचे तुकडे मोडीत काढायचे, एकत्र करायचे. लहान शेतकरी उघडाच पडला असता. गावोगाव विरोध झाला, ब्राह्मणेतर पुढारी त्यात होते, आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी त्याच्या मुळावरच बोट ठेवलं: शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर भांडवल किती, अवजारं किती हे बघा. १९३७ मध्ये मताधिकार आणखी खाली उतरला आणि खेर मंत्रिमंडळ आलं. १९३९ चे कर्जनिवारणाचे आणि कुळांचे कायदे त्याच विधिमंडळाचे. मत नव्हतं तेव्हा लोकांनी कागद जाळले. मत आलं तेव्हा कायदे बदलले.

भीमाकाठ

माणगंगा, तुमच्या उदाहरणातले आंबेडकर १९२७ मध्ये निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त सभासद होते. कसणाऱ्याची बाजू मांडायला नेमलेला माणूस लागला, हे माझ्याच बाजूचं झालं.

माणगंगा

आणि दहा वर्षांनी तेच निवडून आले, स्वतंत्र मजूर पक्षाचे सोबती घेऊन, आणि सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करायचं विधेयक त्यांनीच मांडलं. तेही लिहा.

हाडोळा

सगळं वाचलं. विक्रीबंदीचं कौतुक ऐकून राहवलं नाही.

आमची जमीन कधीच लिलावात गेली नाही, कारण ती महार वतनाची होती, गावच्या चाकरीच्या बदल्यात मिळालेली. १८७४ च्या वतन कायद्यानं ती बाहेरच्याला विकायची सोयच नव्हती. भीमाकाठ यांचं ‘पुरतं लावलेलं दार’ आम्हाला फार आधीपासून मिळालं होतं. त्याच्या आत काय होतं? भावकीत वाटत वाटत वीतभर झालेले तुकडे आणि त्यांच्या बदल्यात रात्रंदिवस गावकी. सरकारी टपाल न्या, साहेबाचं सामान वाहा, मेलेलं ढोर ओढा. कर्ज हवं तर गहाण टाकायला काही नाही. जमीन सोडून जावं तर तेही नाही, कारण जमीन आणि चाकरी एकाच दाव्याला बांधलेली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते हे दावं सोडवायला.

विकता न येणारी जमीन म्हणजे सुरक्षित जमीन, असं वाटणाऱ्यानं आधी आमच्याकडे चौकशी करावी. आणि ३२ रुपयांच्या यादीत आमच्या वस्तीतलं कुणी असणं शक्यच नव्हतं. तीस-चाळीस एकर ही इथे ज्यांची हळहळ चालली आहे त्यांची गोष्ट.

भीमाकाठ

हाडोळा, वतनी जमिनीचा विचार मी या बाजूनं केलाच नव्हता. १९०१ ची अट चाकरी मागत नव्हती, एवढा फरक मी धरून आहे. पण ‘विक्रीबंदीच बरोबर होती’ हे वाक्य मी आज तसंच्या तसं लिहिणार नाही.

घरच्या कागदाचं उरलेलं सांगतो. त्याच गटाला १९५७ च्या कृषकदिनानंतर (त्या दिवशी कसणारी कुळं कायद्यानं मालक ठरली) आजोबांचं नाव लागलं, १९४८ च्या कुळकायद्यानं. त्यांनी ती जमीन हप्त्यांनी दुसऱ्यांदा विकत घेतली. पावत्या खरेदीखताच्याच पुडक्यात बांधलेल्या आहेत.

दप्तरखाना

आणि त्या जमिनीवर २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत विक्रीला कलेक्टरची परवानगी लागत होती की नाही? कुळकायद्याचं कलम ४३ लागू असेल तर तुमचा मुलगा याच धाग्यावर माझ्या बाजूनं भांडेल.

भीमाकाठ

लागत होती. तो भांडतोच.