ख्यालावर वाढलेल्या कानाने जॅझमध्ये आणि पाश्चात्त्य संगीतात कुठून शिरावे?

तोडीप्रेमी:
नमस्कार मंडळी. माझे ऐकणे आजवर ख्याल, ठुमरी आणि नाट्यसंगीत यांतच झाले. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई आणि कुमारजी यांच्या ध्वनिमुद्रणांनी इतकी वर्षे समृद्ध केली की दुसरीकडे पाहण्याची गरजच वाटली नाही. आता मात्र इतर परंपरांतले संगीत मनापासून ऐकावेसे वाटते आहे. अडचण अशी, की जॅझ लावले की मला सम सापडत नाही आणि वाजवणारा कुठून निघाला, कुठे पोहोचला याचा अंदाज येत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतात सारे आधीच लिहून ठेवलेले असताना कलावंताचे स्वतःचे असे काय उरते, तेही उमगत नाही. श्रेष्ठ अल्बमच्या याद्या सर्वत्र मिळतात. मला मोजक्या ध्वनिमुद्रिका हव्या आहेत, आणि त्या ऐकताना कान कशावर ठेवावा हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

खर्ज:
जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमपासून आरंभ करावा. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये दोन बैठकांत ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये वादकांपुढे स्वरसमूहांचे त्रोटक आराखडेच होते, आणि त्यामुळे झरझर बदलत जाणाऱ्या स्वरमेळांच्या, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांच्या, मागे धावण्याऐवजी एका स्वरसप्तकात निवांत फिरण्याची मोकळीक त्यांना मिळाली.

पहिलीच रचना, ‘सो व्हॉट’, घ्या. तिचे सप्तक डोरियन, म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर. एक आवर्तन ३२ मापांचे, प्रत्येक मापात चार मात्रा. पहिली १६ मापे मूळ षड्जावर, पुढची ८ मापे तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर चढवून, आणि शेवटची ८ पुन्हा मूळ षड्जावर. एका आवर्तनाचा शेवट आणि पुढच्याचा आरंभ हे दोन्ही मूळ षड्जावरच असल्यामुळे वादक सलग ९६ मात्रा घरात असतो आणि ३२ मात्रा बाहेर. सम शोधू नका. तो चढ आणि ती उतरण ओळखा, म्हणजे आवर्तन आपोआप हाती लागते. मुखडा पॉल चेंबर्स यांच्या बास या जाड तारांच्या वाद्यावर आहे आणि बाकीचे त्याला दोन स्वरमेळांचे उत्तर देतात. त्यानंतर माइल्स अगदी थोडे स्वर घेतात आणि दोन वाक्यांमध्ये भरपूर जागा सोडतात. मन्सूरांची अखंड गुंफण ऐकलेल्या कानाला हे प्रथम विरळ वाटेल. तरी धीर धरावा, कारण ती मोकळी जागाही त्यांच्या मांडणीचाच भाग आहे.

मध्यमग्राम:
खर्ज यांची निवड उत्तम आहे, परंतु जॅझमध्ये थाट शोधत राहण्याला माझा विरोध आहे. तसे केल्याने आपल्याला ओळखीचे तेवढेच ऐकू येते, आणि आपल्याकडे जे नाही ते निसटते. आपल्याकडे नसलेली ती गोष्ट म्हणजे स्वरमेळ. रागात प्रत्येक स्वराचा अर्थ षड्जाशी असलेल्या नात्यातून ठरतो. इथे वरचा स्वर तसाच धरून खालचा मेळ बदलला, की त्याच स्वराचा भाव पालटतो. यासाठी याच अल्बममध्ये पियानो वाजवणाऱ्या बिल इव्हान्स यांची न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधली २५ जून १९६१ची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. त्यांत बासवादक स्कॉट लाफारो केवळ आधार देत नाहीत, तर पियानोशी बरोबरीने बोलतात. आणि मागे श्रोत्यांची कुजबुज व पेल्यांची किणकिण चालू असूनही त्या तिघांची एकाग्रता ढळत नाही. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत लाफारो मोटार अपघातात गेले, त्यांचे वय अवघे पंचवीस होते. हे माहीत असताना ते वादन तटस्थपणे ऐकणे मला तरी शक्य होत नाही.

विलंबित:
लिहिलेल्या संगीतात कलावंताचे काय उरते, या प्रश्नाला पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्या दोन ध्वनिमुद्रिकांइतके स्पष्ट उत्तर मला दुसरे सापडलेले नाही. संगीतकार बाख यांच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ त्यांनी १९५५ साली, ऐन तारुण्यात, ध्वनिमुद्रित केल्या आणि १९८१ साली पुन्हा एकदा. आरंभी एक संथ ‘आरिया’, मग तिच्यावर आधारलेली ३० रूपे, आणि शेवटी तीच आरिया. या रूपांमध्ये वरची धून टिकत नाही, टिकते ती खालच्या मंद्र स्वरांची चाल; तेव्हा कान डाव्या हाताकडे ठेवावा.

लिहिलेले स्वर दोन्ही वेळी तेच आहेत. पण १९५५ची आरंभीची आरिया दोन मिनिटांच्या आत संपते आणि १९८१ची तीन मिनिटांहून अधिक चालते. संपूर्ण ध्वनिमुद्रण पहिल्या वेळी सुमारे ३८ मिनिटांचे आहे, दुसऱ्या वेळी सुमारे ५१. मध्यलयीतली बंदिश विलंबितात घेतली, की तिच्यातले दोन स्वरांमधले अंतर जसे उघडे पडते, तसेच इथे घडते. गूल्ड वाजवताना गुणगुणतात आणि ते गुणगुणणे ध्वनिमुद्रणात उतरले आहे. काहींना ते खटकते; मला तो त्या वादनाचाच अंश वाटतो. ऑक्टोबर १९८२ मध्ये ते निवर्तले. माझे मत विचाराल तर १९५५ची आवृत्ती थक्क करते, पण मी परत परत वळतो ते १९८१च्या आवृत्तीकडे.

तोडीप्रेमी:
आपण सर्वांनी फार मोलाचे सांगितलेत. ‘सो व्हॉट’मधला अर्ध्या स्वराचा चढ आज स्वच्छ कळला. एक उपप्रश्न: ख्यालापेक्षा ठुमरीच्या अंगाने जाणारे, म्हणजे एकाच ओळीवर रेंगाळणारे गायन इतरत्र कुठे सापडते का?

जुन्या तबकड्या:
त्याआधी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांकडे जरूर वळावे. अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटीतली ठुमरी तेवढ्या अवकाशात पूर्ण उभी राहते. तिच्याच ओढीने लहानग्या भीमसेनांनी घर सोडले, हे आपण जाणतोच. लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२८ साली शिकागोत ध्वनिमुद्रित केलेली ‘वेस्ट एंड ब्लूज’ याच बंधनातली आहे. आरंभीची ट्रम्पेटची निःसंगत झेप ऐका, आणि अखेरच्या आवर्तनात जवळजवळ चार मापे धरून ठेवलेला तार सप्तकातला एकच स्वर ऐका. हा बाज मराठी कानाला पूर्णपणे परकाही नाही, कारण गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी तो सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात आणला होता. ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.

मध्यमग्राम:
आपल्या उपप्रश्नाचे उत्तर कैरोमध्ये आहे. गायिका उम्म कुलथुम यांचे ‘एन्ता ओम्री’ हे गीत (१९६४, संगीत मोहम्मद अब्देल वहाब) ऐकावे. त्याचा मूळ मकाम (अरबी संगीतातले रागासारखे स्वररूप) ‘कुर्द’, म्हणजे स्वरांच्या दृष्टीने भैरवी थाटाच्या जवळचा; मात्र अनेक अरबी मकामांत आपल्या बारा स्वरांच्या मधल्या जागा लागतात, त्या बेसूर समजू नयेत. श्रोत्यांनी दाद देऊन मागणी केली, की त्या तीच ओळ पुन्हा घेतात आणि दर वेळी शब्दांवरचा भार बदलतात. यासाठी संक्षिप्त आवृत्ती न घेता मैफलीचे संपूर्ण ध्वनिमुद्रण घ्यावे, आणि वाद्यवृंदाची लांबलचक प्रस्तावना गाळू नये, कारण मकामाचे वातावरण तिथेच तयार होते आणि गायनाची पहिली ओळ त्यानंतरच तिच्या खऱ्या वजनाने पडते.