आतड्याच्या कर्करोगाची चाळणी तपासणी: खर्च विम्याने द्यावा का?

चर्चाप्रस्ताव
माझ्या थोरल्या भावाच्या शौचातून रक्त जात होते आणि आठ महिने त्यावर मूळव्याधीचे मलम व इसबगोल एवढाच उपचार चालला. कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची पाहणी) झाली तेव्हा गाठ आतड्याच्या भिंतीपलीकडे पसरली होती. पुढचे लाखांचे बिल विमा कंपनीने भरले. मी मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षी, काही त्रास नसताना तपासून घ्यायचे म्हटले, तर 'केवळ तपासणीसाठीचा खर्च देय नाही' हे कलम पुढे केले जाते. सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची तपासणी होते. आतड्यातल्या मांसांकुराचा (पॉलिपचा) कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात आणि दुर्बिणीने तपासताना हा मांसांकुर त्याच वेळी काढता येतो. निदान पन्नाशीनंतर दरवर्षी शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी तरी विम्याने द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
आपल्या भावाबद्दल वाचून वाईट वाटले, पण चाळणी म्हणजे काही त्रास नसताना केलेली तपासणी; रक्त जात असताना करायची तपासणी ही चाळणी नव्हे, निदान आहे. तिथे चूक झाली ती वेळेवर दुर्बीण न घालण्याची. सरसकट तपासणीचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून बरेच कमी आहे. शिवाय पोलंड, नॉर्वे व स्वीडनमधल्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्या गटात दहा वर्षांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी कमी आढळला, तरी मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. गडचिरोलीतल्या माणसाच्या शौचात रक्त सापडले, तर पुढची कोलोनोस्कोपी त्याने कुठे करायची? आधी ती सोय जिल्हा रुग्णालयात हवी.

प्रस्तावकाचे उत्तर
त्या चाचणीत बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच लोक तपासणीला आले होते, हेही सांगायला हवे. चाळणी आणि निदान यांतला फरक मात्र मला मान्य आहे.

प्रतिसाद २
सख्ख्या भावाला हा आजार झाल्यामुळे आपण स्वतःच जास्त जोखमीच्या गटात मोडता, म्हणजे शौचाच्या तपासणीवर न थांबता आपण थेट कोलोनोस्कोपी करून घ्यावी. रुग्णांच्या भावंडांचा व मुलांचा हा खर्च विम्याने द्यावा, एवढी मागणी तरी विरोधकांनाही पटावी. अडचण एवढीच, की आपल्याकडे मुलीच्या लग्नाच्या काळजीने घरातला कर्करोग सख्ख्या चुलत्यालाही सांगितला जात नाही.