लक्ष्मीपुरीतलं तळघर आणि रेडॉन: आबांसाठी विचारतेय

आमचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. पोती तळघरात असतात आणि आबा ३० वर्षं तिथंच बसून वह्या लिहितात. झरोका एकच, तोही पोत्यांनी झाकलेला. शिवाय बिडी ओढतात. परवा भावाकडं ग्रॅनाइटचा ओटा बसवला, तर कुणीतरी म्हणालं की त्यातनं रेडॉन नावाचा वायू निघतो, कॅन्सर होतो. आई आता ओट्याजवळ जात नाही. तळघराबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मला झोप लागेना झालीय. नेमकं कशाला भ्यायचं?

— ताई, ओट्याचं राहू द्या, त्यातनं निघतो तो बहुधा अगदी किरकोळ. रेडॉन मुख्यतः येतो जमिनीतनं. मातीतल्या, खडकातल्या युरेनियमपासून रेडियम आणि त्यापासून हा वायू. रंग नाही, वास नाही. उघड्यावर पांगतो, बंद तळघरात साठतो. त्यापासून होणारे पोलोनियम या किरणोत्सर्गी धातूचे कण धुळीला चिकटून फुफ्फुसात बसतात आणि तिथं अल्फा किरण सोडतात. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी. तेवढा दिलासा आहे, पण खडक बघून आकडा सांगता येत नाही. मोजावंच लागतं. छोटी डबी तीन महिने ठेवतात. जागतिक आरोग्य संघटना घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) ही मर्यादा धरते, आणि तेवढं जमत नसेल तर ३०० च्या वर नको म्हणते. (३५ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय.)

— मी छातीच्या वॉर्डात नर्स होते. बिडी आधी बंद करा, हात जोडून सांगते. तेवढ्याच रेडॉनमध्ये ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो. आणि रेडॉननं खोकला येत नाही की डोकं दुखत नाही, त्यामुळं 'आबांना काही होत नाही' यावर विसंबू नका.

— नुसता एक्झॉस्ट लावू नका. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर तो जमिनीतलाच वायू ओढून घेतो. झरोका मोकळा करा, पंख्यानं ताजी हवा आत सोडा, फरशीच्या भेगा बुजवा.

सगळ्यांचे खूप आभार. आबांना वाचून दाखवलं. बिडीचं आलं तसे उठून गेले. पण संध्याकाळी स्वतःच हमालांना सांगून झरोक्यापुढची पोती हलवली, आणि वह्या उद्यापासून वर गल्ल्यावर लिहिणार म्हणाले. भेगांसाठी सोमवारी गवंडी येतोय. काका, ती डबी कुठं मिळेल?