सिडनी: तीन दिवस, सोबत ज्येष्ठ आणि लहान मूल. बंदर कसं बघावं?

पायवाट
जूनच्या शेवटच्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार सिडनीत आहोत. सत्तरीचे आई-बाबा, आम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी. बाबांना गुडघ्यामुळे सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवत नाही आणि जिने नकोतच. प्रश्न असे: दोन तासांची हार्बर क्रूझ घ्यावी की रोजच्या फेरीबोटींनी भागेल? कमानीवर न चढता हार्बर ब्रिज हा पूल नीट बघता येतो का? ऑपेरा हाउसचा फोटो कुठून चांगला येतो? आणि तिकिटांचं काय करायचं?

दर्यावर्दी
क्रूझ सोडा. क्रूझवाले जे पाणी दाखवतात त्याच पाण्यावरून सरकारी फेऱ्या दिवसभर ये-जा करतात. जवळपास सगळ्या सर्क्युलर की या धक्क्याहून सुटतात (लिहिताना ‘क्वे’सारखं दिसतं, उच्चार ‘की’च, विचारताना गोंधळ होतो).

पहिली घ्या एफ-१ (हा मार्गाचा क्रमांक), मॅनली या समुद्राकाठच्या उपनगराची. अर्धा तास लागतो. जाताना ऑपेरा हाउस उजव्या हाताला येतं, म्हणून उजवीकडची उघडी जागा धरा. येताना ते डावीकडे असतं आणि पूल थेट समोर. मोठ्या जुन्या बोटी दोन्ही तोंडांनी चालतात, वळत नाहीत. त्यामुळे जाताना जे पुढचं टोक होतं ते येताना मागचं होतं. लोक आधीची ‘चांगली’ जागा पकडून बसतात आणि मग पाठमोरे येतात. मॅनलीला उतरल्यावर कॉर्सो नावाच्या पादचारी रस्त्यानं दहा मिनिटांत समुद्रकिनारा. तिथून शेली बीचपर्यंतची वाट जवळपास सपाट, साधारण एक किलोमीटर. बाबांना जमेल तितकीच करा.

दुसरी एफ-९, वॉटसन्स बेची. धक्क्यासमोरची हिरवळ ओलांडून थोडं चढलं की ‘द गॅप’चे उभे कडे, खाली खुला समुद्र. तरण्यांनी पुढे कॅम्प कोव्हवरून साउथ हेडला, म्हणजे बंदराच्या तोंडाच्या दक्षिण टोकाला जावं. तिथलं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं हॉर्नबी दीपगृह १८५८चं आहे. आदल्या वर्षी ‘डनबार’ जहाज याच कड्यांवर फुटलं, १२१ माणसं गेली, एकच वाचला. त्यानंतर ते बांधलं. वाटेत पायऱ्या आणि खडबडीत दगड आहेत, ज्येष्ठांनी खालीच बसावं. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. चुकली तर शहरात बस येते, फक्त रस्ता लांबचा.

हिशेबनीस
तिकिटांबद्दल. मोठ्यांसाठी वेगळं कार्ड लागत नाही, संपर्करहित बँक कार्ड चालतं आणि भाडं मोठ्यांच्या ओपल कार्डाइतकंच (ओपल म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड) पडतं. मुलीसाठी मात्र चाइल्ड ओपल घ्याच. ४ ते १५ वयाला सवलत आहे, पण बँक कार्ड वापरलंत तर तिचंही पूर्ण भाडं कापलं जातं.

तुमचे वार नेमके बरे आहेत. दिवसभरात कितीही फिरलात तरी भाड्याला कमाल मर्यादा असते आणि शुक्रवार, शनिवार, रविवारी ती सोमवार-गुरुवारच्या निम्मी. म्हणून लांबच्या फेऱ्या याच दिवसांत उरका. मर्यादेचा फायदा हुकतो तो या कारणांनी:

सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून यंत्राला टेकवलं तर यंत्रणा दोन वेगळी कार्डं समजते आणि दोन्हींचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. एका कार्डावर दोन माणसं जात नाहीत. छोट्या धक्क्यांवर दार नसतं, नुसता खांब असतो. उतरताना टेकवायचं राहिलं की त्या मार्गाचं सर्वाधिक भाडं लागतं.

विमानतळाच्या रेल्वे स्टेशनचा जादा आकार या मर्यादेत धरत नाहीत. मॅनलीच्या खासगी वेगवान बोटीचंही तसंच, तिचं भाडं वेगळं. दहा मिनिटं वाचवायला ती घेऊ नका, संथ बोटीतच मजा आहे.

तिपाई
फोटोसाठी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: तिथं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. आपल्या सवयीनं दिशा धरली की सगळं उलटं पडतं. पाण्यापलीकडे किरिबिलीच्या बाजूनं, म्हणजे उत्तरेकडून, ऑपेरा हाउसवर जूनमध्ये दुपारीही ऊन समोरून पडतं. मिसेस मॅक्वारीज पॉइंट पूर्वेला; तिथून सकाळी ऑपेरा हाउसची शिडांसारखी छपरं उजळलेली दिसतात आणि संध्याकाळी सूर्य पुलाकडे उतरून दोन्ही वास्तू काळ्या आकृती होतात. दोन्ही छान, पण एकाच वेळी मिळणार नाहीत. जूनच्या अखेरीस सूर्यास्त पाचच्या आसपास, तेव्हा चारलाच पोहोचा. लगतच्या बोटॅनिक गार्डनची दारं मावळतीच्या सुमारास बंद होतात. परत फिरताना बागेतून नका येऊ, गाडीरस्त्यानं आर्ट गॅलरीकडे या.

पुलाबद्दल: शहरातल्या विन्यार्ड स्टेशनहून ट्रेननं एकच स्टेशन पुढे, मिल्सन्स पॉइंटला उतरा आणि दक्षिणेकडे चालत या. ऑपेरा हाउस सतत समोर-डावीकडे राहतं. उलट दिशेनं गेलात तर ते पाठीमागे जातं. पादचारी वाट पूर्वेच्या अंगाला, पश्चिमेची सायकलींसाठी. दोन्ही टोकांना लिफ्ट आहे, चालायला वीस-पंचवीस मिनिटं. आग्नेयेकडच्या दगडी मनोऱ्यात तिकीट काढून वर जाता येतं, पण २०० पायऱ्या आहेत, म्हणजे बाबांसाठी बाद. त्यांना एफ-४ फेरीनं मिल्सन्स पॉइंटला न्या. ती बोट पुलाच्या बरोबर खालून जाते, आणि ५०३ मीटरची ती कमान खालून बघणं हे वरून बघण्यापेक्षा कमी नाही, माझ्या मते जास्तच.

अजून एक. सर्क्युलर कीला प्रवासी जहाज लागलं असेल तर ऑपेरा हाउसच्या बाजूनं पूल बराचसा झाकला जातो. जहाजांचं वेळापत्रक बंदर प्रशासन जाहीर करतं, आधी बघा.

पायवाट
सगळ्यांचे आभार. आईला बोट लागते. मॅनलीची फेरी हलते का? आणि पॅरामॅटाला नदीतून जावं का?

दर्यावर्दी
नॉर्थ हेड आणि साउथ हेड यांच्यामधलं तोंड खुल्या समुद्राकडे आहे, त्यासमोरून जाताना तेवढ्या काही मिनिटांत बोट डोलते. लाटा फार असतील तर फेऱ्या रद्द होऊन बस सोडतात. आईंना खालच्या मजल्यावर मध्यभागी बसवा, तिथं डोलणं सगळ्यात कमी. सकाळी लाटांचा अंदाज बघा. जास्त असेल तर त्या दिवशी वॉटसन्स बे करा, ती बोट त्या तोंडासमोरून जात नाही.

पॅरामॅटाची एफ-३ संथ पाण्यातली, आईंना अगदी सोयीची. फक्त ओहोटीला वरच्या अंगाला पाणी पुरत नाही, मग बोट रायडलमिअरलाच थांबते आणि पुढे बस. भरतीची वेळ साधून जा, येताना ट्रेन धरा.