काठ पुरानं जातो की आपल्या हातानं?

‘काठ ढासळतोय, सगळीकडं दगडी पिचिंग करा’, म्हणजे काठाला दगड बसवा, हे काहींचं म्हणणं मला काही पटलं नाही. घाटाला, पुलाच्या तोंडाशी ठीक आहे. पण पंचगंगेच्या मळीला, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीला, दगडाचं चिलखत कुठवर घालणार?

आमची मळी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या खालच्या अंगाला. आजोबांच्या वेळी पाण्यालगत शेरणीची झुडपं नि वाळुंजाची झाडं दाट, त्यामागं करंज, उंबर. शेरणी पुरात आडवी होते, पाणी वरून जातं, पण मुळं माती सोडत नाहीत. पुढं दोन सऱ्या ऊस वाढवायला आम्हीच ती काढली. (घरचंच सांगतोय, दुसऱ्याचं कशाला!) २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३. त्या दोन सऱ्या बांधासकट गेल्या.

दुसरं म्हणजे बंधाऱ्याचे बरगे, पाणी अडवायच्या फळ्या. ते घातले की काठ महिनोन्महिने भिजत राहतो, आणि पाणी झपाट्यानं उतरलं की ओली माती आपल्याच वजनानं सुटते. त्यात वीटभट्टीला माती उचललेली असली तर विचारूच नका.

आणि प्रत्येक उभी दरड वाईट नसते हो. खंड्या, वेडा राघू तिच्यातच बीळ कोरतात. दगड बसवला की त्यांची घरं बंद.

वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली तरी फुटते. यंदा दिवाळीनंतर पाणी उतरलं की काठाची एक सरी उसाची सोडून तिथं वाळुंजाच्या फांद्याच लावणार आहे. वडील अजून कुरकुरतायत.