डेट्रॉइटचा १३वा मतदारसंघ: नकाशाने ठरवलं की मतविभागणीने?

नकाशेबाज:
श्री ठाणेदार मूळचे चिकोडीचे, वाढले बेळगावात. त्यामुळे २०२२ मध्ये ते मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघातून निवडून आले तेव्हा आपल्याकडे बातमी 'मराठी माणूस अमेरिकी काँग्रेसमध्ये' इथेच थांबली. माझ्या मते ती लढत ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत नाही, डिसेंबर २०२१ मध्ये मतदारसंघांचा नवा नकाशा मंजूर झाला तेव्हाच अर्धी ठरली होती. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या १४ जागांच्या १३ झाल्या आणि एका मतदारसंघात ७,७५,१७९ माणसं बसवायची होती. डेट्रॉइट शहर तेवढं मोठं नाही, सगळं एकात मावलं असतं. पण मतदारसंघांच्या रेषा मारणाऱ्या राज्याच्या आयोगाने ते १२व्या आणि १३व्यात वाटलं. १३व्याला पूर्वेकडे ग्रोस पॉइंट जोडलं, नैऋत्येला टेलर. जुन्या दोन्ही मतदारसंघांत कृष्णवर्णीय निम्म्याहून जास्त होते, नव्या दोन्हींत कमी. परिणाम समोर आहे: १९५५ नंतर पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय सदस्य उरला नाही.

मतमोजणी:
नकाशाच्या माथी सगळं मारणं सोपं आहे. प्रायमरीचे आकडे बघा. ठाणेदार सुमारे २८ टक्के, अ‍ॅडम हॉलियर २३ च्या आसपास, पोर्शिया रॉबर्सन १७ च्या. हे नंतरचे दोघेही कृष्णवर्णीय. मतपत्रिकेवर नऊ नावं! मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते, सर्वाधिक मतं मिळाली की झालं. डेट्रॉइटच्या तेव्हाच्या दोन सदस्यांपैकी ब्रेंडा लॉरेन्स पुन्हा लढणार नाहीत आणि रशिदा तलैब शेजारच्या १२व्यातून लढणार, हे जानेवारीतच कळलं होतं. म्हणजे जागा रिकामी. काउंटीप्रमुख (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वॉरन एव्हान्स यांच्या पुढाकाराने एकच कृष्णवर्णीय उमेदवार ठरवायचा प्रयत्न झाला, नाव हॉलियरचं निघालं, आणि बाकीचे थांबलेच नाहीत. नोव्हेंबरात ठाणेदारांना ७१ टक्के मतं, म्हणजे खरी निवडणूक ऑगस्टचीच.

नकाशेबाज:
मतविभागणी कुठल्या मतांची, तेही बघा. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असती तर विभागणी पचली असती. आयोगाच्या सल्लागारांनी कृष्णवर्णीयांच्या पसंतीचा उमेदवार निवडून यायला ३५ ते ४५ टक्के कृष्णवर्णीय मतदार पुरतात असा हिशोब दिला. तो प्रामुख्याने नोव्हेंबरच्या निकालांवर होता, कारण प्रायमरीचे पुरेसे आकडेच नव्हते. डेमोक्रॅटिक बालेकिल्ल्यात नोव्हेंबरचा हिशोब काय कामाचा? विधिमंडळाच्या नकाशात न्यायालयाने हीच चूक पकडली की.

बार रूम वकील:
थांबा, इथे गल्लत होतेय. 'एगी विरुद्ध बेन्सन' खटल्यात डिसेंबर २०२३ ला तीन न्यायाधीशांनी १३ मतदारसंघ रद्द केले, ते राज्य विधिमंडळाचे: सात खालच्या सभागृहाचे, सहा सिनेटचे. काँग्रेसचा नकाशा त्यात नव्हताच. आणि कारण 'कृष्णवर्णीय कमी पडले' असं नव्हतं. रेषा मारताना वंश हाच प्रमुख निकष ठरला, म्हणून ते घटनाबाह्य.
दुसरं, राज्यघटनेत निकषांचा क्रम ठरलेला आहे. आधी समान लोकसंख्या आणि मतदान हक्क कायदा (वंशावरून मताचा हक्क डावलला जाऊ नये यासाठीचा), मग सलगता, मग समान हितसंबंधांचे समूह, मग पक्षीय समतोल, मग विद्यमान सदस्याला झुकतं माप न देणं. काउंटी आणि शहरांच्या हद्दी सहाव्या! म्हणून 'शहर का फोडलं' हा प्रश्न भावनेला बरोबर, कायद्यात मात्र अगदी खालचा. १३ जणांच्या आयोगात नकाशा मंजूर व्हायला दोन्ही पक्षांच्या आणि अपक्षांच्या गटातून किमान दोन-दोन मतं लागतात. एका पक्षाने गुपचूप शहर कापलं, असं होऊ शकत नाही.

मतमोजणी:
आणि पैसा विसरू नका. ठाणेदारांनी स्वतःचा ओतला हे खरं, पण हॉलियरसाठी इस्रायलसमर्थक युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट या प्रचारगटाने ४० लाख डॉलरहून जास्त खर्च केले. तरी हरले. उलट ठाणेदारांची ओळख नकाशाच्या आधीची आहे. २०१८ च्या गव्हर्नर प्रायमरीत ते राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात पहिले. तेव्हा कुठे होता हा नकाशा?

नकाशेबाज:
ते मान्य. मग २०२४ ची प्रायमरी समजावून सांगा. तेव्हा हॉलियर मतपत्रिकेवर नव्हते. उमेदवारीसाठी मतदारांच्या एक हजार वैध सह्या लागतात, दोन हजारांपेक्षा जास्त देता येत नाहीत. त्यांनी १,५५३ दिल्या, वैध निघाल्या ८६३. काही पानांवरच्या सह्या एकाच हस्ताक्षरातल्या वाटत होत्या. आक्षेप ठाणेदारांनीच घेतला होता. वरची मर्यादा गाठायला साडेचारशे सह्यांची जागा शिल्लक असताना एवढ्यावर थांबायचं म्हणजे कमालच. पण मुद्दा पुढचा. रिंगणात उरल्या मेरी वॉटर्स आणि शकीरा हॉकिन्स. दोघींची मतं एकत्र केली तरी ठाणेदारांपेक्षा कमी भरतात. म्हणजे तुमची मतविभागणी इथे लागूच होत नाही.

मतमोजणी:
लागू होत नाही, कारण तोवर ते विद्यमान सदस्य झाले होते. आणि पहिल्यांदा आत गेले ते २८ टक्क्यांवर. दुसरी फेरी असती तर ठाणेदार आणि हॉलियर समोरासमोर आले असते, त्यात कोण जिंकलं असतं ते तुम्हीच सांगा.

बार रूम वकील:
दुसरी फेरी आणायला राज्याचा निवडणूक कायदा बदलावा लागेल, आयोगाला तो अधिकार नाही. आयोग रेषा मारतो, मोजणीचे नियम ठरवत नाही.